ज्याचा त्याचा वारा

मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनं घरी आलेली असतात. पडवीत किंवा माडाच्या सावलीत लाकडी घोडीवर आउटबोर्ड मशीन टांगलेलं, वरची टोपी काढलेली, शेजारी पान्यांचा डबा. तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मशीनची टोपी निघाली की एक गोष्ट दिसते, जी आपल्या मोटारगाडीत सहसा दिसत नाही. एकाखाली एक असे तीन कार्बोरेटर असतात, प्रत्येक सिलिंडरला आपला एक. तिन्ही कार्बोरेटरांतल्या फिरत्या चकत्या, म्हणजे बटरफ्लाय, एकत्र हलवणारी एक बारीक सळई असते. ती सळई जुळवणं हे किनाऱ्यावरच्या मेकॅनिकचं दरवर्षीचं काम. तिन्ही चकत्या एकाच क्षणी उघडायला लागल्या पाहिजेत आणि एकाच क्षणी पूर्ण उघड्या झाल्या पाहिजेत. एक जरी मागे राहिली तर मशीन थरथरतं, पेट्रोल जास्त पितं आणि भर समुद्रात मंद चालीवर बंद पडतं.

हीच मांडणी चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीवर घरी बनवून बसवायची, असा नाद जगभरातल्या मोटारवेड्यांना आहे. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. इंजिन स्वतःच्या ओढीनं जेवढी हवा घेईल तेवढीच, पण प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी. मोठ्या शहरांतल्या रेसिंग गॅरेजांत परदेशी तयार संच बसवलेले पाहायला मिळतात. माझा प्रश्न वेगळा होता. असा संच मालवणात बसून, सिंधुदुर्ग आणि घाटावरच्या कोल्हापूरच्या कारागिरीवर करता येईल का? त्याचा तुकडा न् तुकडा पाहिल्यावर माझं उत्तर ‘येईल’ असंच आहे. धातूचं काम वाटतं तितकं अवघड नाही. चौघांना सारखं करणं अवघड आहे, आणि ते कसब या किनाऱ्यावर आधीपासून नांदतं आहे.

साध्या गाडीत हवेची वाट अशी असते: फिल्टर, मग एकच थ्रॉटल बॉडी, मग मॅनिफोल्डची पोकळ पेटी, आणि तिथून चार फाटे चार सिलिंडरांकडे. पायाखालचं पॅडल दाबलं की इंधन वाढतं, असा सर्वसाधारण समज आहे. पेट्रोल गाडीत पॅडल आधी हवा सोडतं. त्या हवेच्या हिशेबानं इंधन नंतर घातलं जातं, पूर्वी कार्बोरेटर घालायचा, आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, घालतो. डिझेलचा व्यवहार वेगळा. मालवण-देवगडच्या ट्रॉलरमधली ट्रकच्या जातीची डिझेल इंजिनं हवा अडवत नाहीत, फक्त इंधन कमी-जास्त करतात. त्यामुळे आयुष्यभर डिझेलवर हात बसलेल्या मिस्त्रीला पेट्रोल इंजिनाची ही हवेची शिस्त नवी वाटते. आउटबोर्डवाल्याला ती पाठ असते.

एका थ्रॉटलच्या मांडणीत सगळे सिलिंडर त्याच एका पेटीतून हवा ओढतात. एका नळावर चार बिऱ्हाडांनी आळीपाळीनं पाणी भरावं तसा हा प्रकार: कामचलाऊ दृष्टीनं ठीक, पण एकाच्या भरण्याचा धक्का दुसऱ्याला बसतोच. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात. मंद चालीवर पेटीत हवेचा दाब कमी असल्यामुळे त्या क्षणी जळका वायू उलटा इनलेटमध्ये शिरतो आणि पुढच्याच्या वाट्याला येतो. रेसिंगचा, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट अशा इंजिनात घातला की गाडी सिग्नलवर आचके देते ती यामुळे. प्रत्येकाची चकती वेगळी केली, व्हॉल्व्हपासून हातभर अंतरात आणली, की हा शेजारधर्माचा त्रास बराच कमी होतो. शिवाय चकती आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये भरायची पोकळी चिमूटभरच उरल्यामुळे पाय हलताक्षणी इंजिन उत्तर देतं.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण या विषयावर बढाया फार मारल्या जातात. कंपनीचाच कॅमशाफ्ट, कंपनीचंच हेड ठेवून नुसत्या चार थ्रॉटल बॉडी लावल्या, तर वरच्या टोकाची ताकद थोडीच वाढते. वाढते ती तत्परता. आणि आवाज बदलतो, तो इतका की ऐकणाऱ्याला गाडीची ताकद दुप्पट झाल्यासारखी वाटते. ताकद खरोखर हवी असेल तर कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट आणि कॉम्प्रेशन यांचा एकत्र विचार करावा लागतो.

ही कल्पना जुनी आहे. इटलीच्या बोलोन्यात एदोआर्दो वेबर यांनी सुरू केलेल्या कारखान्याचे दोन नळ्यांचे कार्बोरेटर रेसिंगच्या गाड्यांवर दोन-दोन, तीन-तीन बसत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक नळी. १९६७ साली कीथ डकवर्थ यांनी रचलेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे फॉर्म्युला वनचं इंजिन आलं आणि झांडवूर्टच्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क त्यावर जिंकले. त्यात चकत्या नव्हत्याच. सरकती पट्टी होती, पूर्ण उघडली की हवेच्या वाटेत काहीही आडवं उरत नसे. रस्त्यावरच्या गाड्यांत १९७८च्या बीएमडब्ल्यू एम-वनला सहा सिलिंडरांना सहा चकत्या होत्या. १९८९च्या निसान जीटी-आरने टर्बो असूनही सहा ठेवल्या. १९९१ साली टोयोटानं सोळाशे सीसीच्या, वीस व्हॉल्व्हच्या ‘फोर ए-जीई’ इंजिनावर चार थ्रॉटल बॉडी कारखान्यातूनच बसवून दिल्या, आणि घरी बसून इंजिनं उघडणाऱ्या अनेकांची पहिली ओळख त्या संचातून झाली. पुढे बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला. चार वेळा तोच खर्च, चार वेळा जुळवणी, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत चाललेले. २००१ साली बीएमडब्ल्यूनंच ‘व्हॉल्व्हट्रॉनिक’ आणलं, ज्यात व्हॉल्व्ह किती उघडायचा हेच बदलून हवा मोजली जाते. मग मध्ये चकतीची गरजच फारशी राहत नाही.

आता आपल्याकडच्या इंजिनावर येऊ. उदाहरणाला मारुतीचं १२९८ सीसीचं ‘जी तेरा’ घराण्यातलं इंजिन घेतो. एस्टीममध्ये ते होतं, जिप्सीमध्ये होतं, आणि जिप्सी कोकणातल्या कच्च्या रस्त्यांनी आणि भारतातल्या रॅलीवाल्यांनी सारखीच आपली मानली. सिलिंडरचा व्यास ७४ मिमी, पिस्टनची धाव ७५.५ मिमी, एका सिलिंडरात सुमारे ३२५ सीसी. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा श्वास घेतो. तो पूर्ण भरला तर चौघं मिळून मिनिटाला जवळपास ३९०० लिटर हवा ओढतात, म्हणजे सेकंदाला ६५ लिटर. एका श्वासातल्या हवेला लागणारं पेट्रोल २९ मिलिग्रॅमच्या आसपास. हे आकडे आधी कागदावर मांडावेत असा माझा आग्रह आहे, कारण पुढचं माप यातूनच निघतं.

घरी करणारे बहुतेक जण सोपी वाट धरतात ती मोटारसायकलच्या थ्रॉटल बॉडीची. सहाशे सीसीच्या चार सिलिंडरी स्पोर्ट्स बाइकला कारखान्यातूनच चार थ्रॉटल बॉडी असतात. सहाशेच्या बाइकची बॉडी तेराशेच्या गाडीला पुरणार कशी, अशी शंका पहिल्यांदा येतेच. हिशेब करा: बाइकचा सिलिंडर १५० सीसीचा, पण तो १३,००० फेऱ्यांवर फिरतो, मिनिटाला एका सिलिंडरची हवा ९७५ लिटर. गाडीचा सिलिंडर ३२५ सीसीचा, ६५०० फेऱ्यांवर. हवा साधारण १०५५ लिटर. जवळजवळ सारखीच. म्हणून हे लग्न जुळतं. फक्त बाइकच्या नळ्यांमधलं अंतर गाडीच्या हेडवरल्या भोकांशी जुळत नाही. मग संच कापायचा, नळ्या लांब करायच्या, चकत्या फिरवणारा आस जोडायचा आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या नळीचं मॅनिफोल्ड वेल्ड करून घ्यायचं. टिग वेल्डिंग चांगलं करणारा हात मिळाला तर आठवड्याचं काम. मात्र भंगारात आलेला असा संच विकत घेताना आस हलवून पाहावा. आसाच्या दोन टोकांना झीज असली की तिथून चोरटी हवा आत येते आणि ती कुठल्याच जुळवणीला दाद देत नाही.

दुसरी वाट सगळंच स्वतः करायची, आणि मला ती जास्त आवडते, कारण ती आपल्या मुलखातून जाते.

मॅनिफोल्ड आणि बॉडी ओतायची तर आधी लाकडी पॅटर्न हवा. सावंतवाडीच्या चितारआळीत लेथवर लाकूड फिरवून फळं, भोवरे, खेळणी करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी आहे. हवा आत घेणाऱ्या तोंडाची, कर्ण्यासारखी पसरत गेलेली घडण लेथवर लाकडात उतरवणं त्या हाताला कठीण नाही. तोंडाची कड धारदार राहिली तर हवा वळताना फाटते; ती भरगच्च गोलाईनं बाहेर वळलेली हवी. नकाशावर हे लिहिता येतं, पण बोट फिरवून पाहणाऱ्याला ते लवकर कळतं. पॅटर्न करणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागते: वाळूच्या साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतं. तीनशे मिलिमीटरच्या मॅनिफोल्डला चार मिलिमीटर वाढवून पॅटर्न केला नाही, तर दोन टोकांची भोकं हेडच्या भोकांवर बसणार नाहीत. शिवाय जिथे नंतर मशीन चालवायचं तिथे अंगाला जास्तीचं मास सोडायचं.

ओतकामासाठी घाट चढून कोल्हापूर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि दक्षिण महाराष्ट्रात इंजिनाला हात लावायला न घाबरणारी माणसं तयार होत गेली. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं आजही उद्यमनगरात आदरानं घेतली जातात; पाहून, उघडून, पुन्हा जोडून शिकलेल्या माणसांची ही परंपरा. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या फाउंड्र्यांचा मोठा पसारा आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात आहे. त्यांचा मुख्य धंदा लोखंडाच्या ओतकामाचा. चार नगांसाठी भट्टी कोण पेटवणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर छोट्या ॲल्युमिनियम फाउंड्रीत, त्यांच्या रोजच्या ओतकामाच्या शेवटी आपले साचे लावून घेण्यात आहे. धातू कोणता हे मात्र मालवणच्या माणसानं आग्रहानं सांगावं. ‘एलएम ६’ या मिश्रधातूत सिलिकॉन १० ते १३ टक्के असतं. तो साच्यात छान वाहतो आणि खाऱ्या हवेला टिकतो, म्हणून बोटींच्या सामानात वापरतात. मशीनिंगला तो थोडा चिवट, टूल लवकर बोथट करतो. टर्नर कुरकुर करील, करू द्यावी.

आता चकती. हा संचातला सगळ्यात नाजूक तुकडा, आणि घरच्या कारागिराची परीक्षा इथेच होते. चकती गोल असते असं वाटतं. ती गोल नसते. बंद स्थितीत ती नळीला काटकोनात बसवली तर अडकून बसेल, म्हणून सात-आठ अंश तिरकी ठेवतात. चाळीस मिलिमीटरच्या नळीत आठ अंश तिरकी बसणारी चकती एका दिशेनं ४० मिमी आणि दुसऱ्या दिशेनं ४०.४ मिमी लांब हवी, आणि तिच्या कडाही त्याच कोनात उतरत्या. हे कानशीनं होत नाही. जुन्या टर्नरांची युक्ती अशी: गोल सळई आठ अंशात तिरकी कापायची, दोन तुकड्यांच्या मध्ये पितळी पत्रा पकडायचा आणि सगळं एकत्र लेथवर चाळीसला उतरवायचं. सळई सोडली की पत्र्याचा लंबगोल, कडांसकट, तयार. चार पत्रे एकावर एक ठेवून केले तर चारही चकत्या जुळ्या भावंडांसारख्या निघतात, आणि आपल्याला हवं ते हेच.

आठ मिलिमीटरचा स्टेनलेस आस चाळीसच्या नळीत आडवा आला तर नळीच्या तोंडाची पाव जागा तोच खातो. ३२० चौरस मिलिमीटर, १२५७ मधले. पूर्ण उघड्या थ्रॉटलला ही अडवणूक परवडत नाही, म्हणून नळीच्या आतल्या भागापुरता आस दोन्ही बाजूंनी घासून निम्म्या जाडीचा करतात. त्याहून पातळ करू नये. चकती धरणारे दोन स्क्रू तर मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू देणार नाही. स्क्रू ढिला होऊन पडला तर त्याला जायला एकच वाट आहे, व्हॉल्व्हमधून पिस्टनवर. धाग्यावर लॉकिंगचं द्रव्य लावावं आणि मागून निघालेलं टोक ठोकून पसरवावं.

सरकत्या पट्टीचा थ्रॉटल करावा का, असं विचारणारे भेटतात. आपल्या मुलखात करू नये. जांभ्याची तांबडी धूळ पट्टीच्या खाचेत एकदा बसली की थ्रॉटल उघडा राहू शकतो. उघडे कर्णे फोटोत सुंदर दिसतात, हे खरं. पण फिल्टरशिवाय कसाल-मालवण रस्त्याच्या कडेची धूळ ओढणारं इंजिन रिंगा आणि सिलिंडर किती दिवस टिकवणार? चौघांवर एक सामाईक हवेची पेटी आणि तिला मोठा फिल्टर ही कोकणातली योग्य मांडणी. पावसात तर पर्यायच नाही. पेटीची भिंत कर्ण्यांच्या तोंडापासून पुरेशी लांब हवी, नाहीतर कर्ण्यांची गोलाई फुकट जाते.

कर्णा आणि नळी मिळून किती लांब, याचं शास्त्र हवेच्या लाटेत आहे. पिस्टन खाली ओढायला लागला की ओढीची लाट नळीतून बाहेर धावते, मोकळ्या तोंडावर उलटते आणि दाबाची लाट होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत परतली तर जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबते. मालवणच्या ३२ अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३५० मिमी अंतर असेल तर लाटेला जाऊन यायला २ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ६००० फेऱ्यांवर क्रँक ७२ अंश फिरतो, ४००० वर फक्त ४८ अंश. म्हणून लांब नळी खालच्या फेऱ्यांना साथ देते, आखूड वरच्यांना. घाटात खेचायचं असेल तर लांब ठेवा. लाकडी पॅटर्नवरून दोन-तीन लांब्यांचे कर्णे ओतून घेतले तर बदलून पाहता येतात, आणि पाहण्याची गोडी वेगळीच आहे.

इथवर सगळं हाताचं काम झालं. आता खरं काम सुरू होतं.

एका थ्रॉटलच्या मांडणीतल्या पन्नास मिलिमीटरच्या चकतीची कड १५७ मिमी लांब असते. चाळीसच्या चार चकत्यांची मिळून ५०३ मिमी. म्हणजे बंद थ्रॉटलमध्येही हवा झिरपायला तिप्पट लांबीची फट आहे. चकत्यांच्या कडा जरा सैल झाल्या तर इंजिन मंद चालीवर यायलाच तयार होत नाही. पॅडलवरून पाय काढला तरी दीड हजार फेऱ्यांवर घोंगावत राहतं. आणि चौघांची फट एकसारखी नसली तर एक सिलिंडर काम करतो, दुसरा ओझं होतो. उघडताना उलटी अडचण. चार नळ्यांचं क्षेत्रफळ त्या एका पन्नासच्या नळीच्या अडीचपट असल्यामुळे पाय मुंगीभर दाबला तरी गाडी उडी मारते. म्हणून केबल सरळ गोल पुलीला न जोडता अशा पुलीला जोडतात जी सुरुवातीला हळू आणि शेवटी भराभर फिरते.

चौघांना सारखं करायला चार व्हॅक्यूम गेज लागतात. ते नसतील तर दोन-दोन सिलिंडर जुळवायला प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत तेल भरून दोन टोकं दोन सिलिंडरांना लावतात. गवंडी लेव्हल बघतो त्याच नळीचा हा उपयोग. तेल ज्या बाजूला वर चढेल तिथे ओढ जास्त, म्हणजे ती चकती जास्त मिटलेली. नळी भरपूर लांब घ्यावी, नाहीतर इंजिन तेल पिऊन टाकतं. आधी केबल सोडून मंद चालीवर जुळवायचं, मग केबल लावून अडीच हजारांवर पुन्हा तपासायचं. पहिल्या दोनची जोडी, मग शेवटच्या दोनची, मग दोन्ही जोड्या एकमेकींशी. स्क्रूला पाव फेरी दिली की थांबायचं, इंजिनाला सावरू द्यायचं, मग पुन्हा पाहायचं. इथे आउटबोर्डवाल्या मेकॅनिकला बोलवावं. सळईच्या कुठल्या सांध्यात केसभर ढिलाई आहे हे त्याला आवाजावरून कळतं, कारण ती ढिलाई समुद्रात काय करते हे त्यानं पाहिलेलं असतं.

मग ईसीयू. कंपनीचा ईसीयू मॅनिफोल्डच्या पेटीतला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतो. इथे पेटीच नाही आणि प्रत्येक नळीतला दाब सेकंदाला डझनावारी वेळा उसळतो. म्हणून चकती किती अंश उघडी आणि इंजिन किती फेऱ्यांवर, एवढ्या दोनच गोष्टींवरून इंधन ठरवायची रीत वापरतात. तिला ‘अल्फा-एन’ म्हणतात. बाजारात महागडे रेसिंग ईसीयू आहेत. पण २००१च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघा अमेरिकनांनी स्वतः जोडता येईल असा ‘मेगास्क्वर्ट’ आणला, आणि पुढे ऑस्ट्रेलियातून आर्डुइनोच्या पाटीवर चालणारा, सगळी रचना खुली असलेला ‘स्पीडुइनो’ आला. कुडाळ किंवा कणकवलीत टीव्ही दुरुस्त करणारा, सोल्डरिंगचा हात चांगला असलेला माणूस तो जोडून देऊ शकतो. चिकाटी लागते ती त्यानंतर, कोष्टकातल्या शेकडो चौकटी एकेक करून भरताना.

आणि इथे सिंधुदुर्गाचा भूगोल आडवा येतो. अल्फा-एनला उंची कळत नाही. मालवणात, समुद्रसपाटीवर, कोष्टक अगदी नेटकं भरलं, पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधनाचं प्रमाण १३ ला १ ठेवलं, आणि फोंडाघाट चढून राधानगरीवरून कोल्हापूरला गेलात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब साडेसहा टक्क्यांनी कमी. चकती तेवढीच उघडी, फेऱ्या तेवढ्याच, म्हणून ईसीयू इंधन तेवढंच घालतो, आणि प्रमाण १२.२ वर येतं. गाडी जड होते, प्लग काळे पडतात. आंबोली तर ६९० मीटरवर; तिथे फरक ८ टक्के. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर लावावाच लागतो. आपल्याकडे तो चैनीचा भाग नाही. मालवणची दमट हवाही हिशेबात धरावी. ३२ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या जवळपास ४ टक्के जागेत नुसती वाफ असते, प्राणवायू नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मोजलेली ताकद आणि डिसेंबरच्या पहाटे मोजलेली ताकद यांची तुलना करून कर्ण्याच्या लांबीबद्दल निष्कर्ष काढणारे स्वतःची फसवणूक करतात.

घाटाचंच आणखी एक, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडीच्या ब्रेकला पायाची ताकद वाढवून देणारा बूस्टर इनलेट मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. पेटी काढून टाकली की ती भक्कम ओढ जाते. एका नळीतून घेतली तर ती झटक्याझटक्यानं येते आणि कॅमशाफ्ट तिखट असेल तर अपुरी पडते. करूळ किंवा आंबोलीच्या उतारावर तिसऱ्या वळणाला ब्रेक दगडासारखा घट्ट होणं म्हणजे काय, हे सांगायला नको. चारही नळ्यांतून बारीक वाटा काढून एका छोट्या टाकीत आणायच्या, टाकीला एकाच दिशेनं ओढ जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावायचा आणि तिथून बूस्टरला द्यायचं. पॅडल सोडल्यावर चकत्या मिटवणारे स्प्रिंगही एकाऐवजी दोन, स्वतंत्र बसवलेले हवेत. एक तुटला तर दुसरा काम करील. खाऱ्या हवेत पोलादी स्प्रिंग आणि ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टेनलेस आस यांची दर पावसाळ्यानंतर तपासणी हवी. वेगवेगळे धातू, मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन फुगतं आणि आस जाम होतो. आसाला सीलबंद बेअरिंग द्यावेत, निदान पितळी बुश.

अशी गाडी रस्त्यावर चालवावी का? कायद्यानं नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा जाचक आहे असं मला वाटत नाही. आवाज, धूर आणि ब्रेक, तिन्ही दुसऱ्याच्या जिवाशी निगडित आहेत. अशा इंजिनाची जागा ट्रॅकवर आहे: कोईम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. गाडी तिथे ट्रेलरवरून न्यावी.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र हा प्रयोग स्पर्धेत करता येत नाही, हे थोडं दुर्दैवाचं. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ फॉर्म्युला भारत, सुप्रा यांसारख्या स्पर्धांत बाइकच्या इंजिनावर गाड्या बांधतात. तिथला नियम असा की इंजिनाला जाणारी सगळी हवा २० मिमी व्यासाच्या एकाच गळ्यातून गेली पाहिजे आणि थ्रॉटल त्या गळ्याच्या आधी हवा. म्हणजे चार सिलिंडरी बाइकबरोबर आलेल्या चार थ्रॉटल बॉडी काढून टाकणं हेच त्यांचं पहिलं काम होतं.

म्हणून माझी सूचना गाडीची नाहीच. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन भंगारात सहज मिळतं. डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत त्या गाड्या बनत राहिल्या. लोखंडी स्टँडवर बसवलेलं इंजिन म्हणजे वाहन नव्हे, त्याला नोंदणी नाही. २६५ सीसीच्या सिलिंडरांना ३६ मिलिमीटरच्या तीन बॉडी, पॅटर्न सावंतवाडीतून, ओतकाम कोल्हापुरातून, चकत्या तंत्रनिकेतनाच्याच लेथवर. शेजारी दोन किलोपेक्षा मोठं अग्निशामक नळकांडं, उघड्या जागी एक्झॉस्ट, आणि पेट्रोलची टाकी इंजिनापासून लांब, बंद करायचा कॉक हाताशी. इंधनाची लाइन जोडण्याआधी इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवून तिन्ही नळ्यांची ओढ मोजावी आणि वहीत लिहावी. तिन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत आल्याशिवाय इंजेक्टरला वायर लावू नये.